शेवटच्या हिरवळीवरचं निशाण

पाकिटातून निघालेल्या कागदाखाली स्वतःचीच सही बघून एफी गेडिस चपापली. त्याआधी समोर बसलेल्या माणसानं पावाच्या पिशवीतून जे निशाण काढून टेबलावर पसरलं होतं त्याच्याकडे तिनं नेहमीच्या सवयीनं, म्हणजे अर्ध्या डोळ्यानं, पाहिलं होतं. मंगळवारी दहा ते एक कुणीही आपलं गोल्फचं जुनंपानं घेऊन यावं आणि ते खरं की खोटं, बाजारात काय येईल, हे एफीनं फुकट सांगावं, अशी त्या एडिनबराच्या लिलावघराची रीत होती. सकाळपासून चार निशाणं होऊन गेली होती. चारींवर विजेत्यांच्या सह्या होत्या, आणि त्यातल्या एकानं ज्या पेनानं सही केली होती ते पेन तो मेल्यावर सहा वर्षांनी बाजारात आलं होतं. हे पाचवं निशाण म्हणजे पांढऱ्या लोकरी कापडाचा मळकट तुकडा. त्यावर ना सही, ना आकडा. ती 'ठीक आहे' म्हणून पुढच्याला बोलावणार इतक्यात त्या माणसानं हे पाकीट सरकवलं होतं. साठीचा असावा, भिजलेली टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. कागद टाइप केलेला, घडीवर पिवळा पडलेला, आणि चारी कोपऱ्यांत एकेक बारीक भोक, भोकाभोवती गंजाचं कडं. म्हणजे हा कागद कुठेतरी टाचून ठेवलेला होता, आणि बरीच वर्षं. एवढं तिच्या डोळ्यांनी आपोआप टिपलं आणि मग ती मजकुराकडे वळली, जो तिला वाचायची गरज नव्हती.

"तुम्हीच ना या?" माणसानं सहीवर बोट ठेवलं.

"सही माझीच दिसतेय," एफी म्हणाली.

"दिसतेय? स्वतःच्या सहीवर पण भरवसा नाही होय?" तो हसला. "मी डूगल इम्री. किनलॉचा. हेक इम्रीचा मुलगा."

हेक इम्रीचं नाव निघाल्याबरोबर एफीच्या मनात पाल चुकचुकली. संशय हा तिचा स्वभाव की धंदा, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चौतीस वर्षं तिनं चहात उकळून जुनी केलेली निशाणं हुंगली होती, जुन्या चौकटींतले नवे खिळे नखानं खरवडले होते, आजोबांच्या गोष्टी सांगणाऱ्या नातवंडांचे बूट बघून ठेवले होते. एकदा एक दातांचा डॉक्टर तीन रविवार ओळीनं तिच्यासाठी फुलं घेऊन आला, तर ह्याला नेमकं काय विकायचंय ह्याचाच ती विचार करत राहिली. चौथ्या रविवारी तो आला नाही आणि आपला अंदाज बरोबर निघाला असं तिला वाटलं. आता तिच्या निवृत्तीला तीन दिवस उरलेत, मागच्या आठवड्यात पेपरात तिचा फोटो छापून आलाय, खाली 'चौतीस वर्षांत एक चूक नाही', आणि नेमका आजच हेक इम्रीचा मुलगा हा कागद घेऊन यावा? कुठेतरी पाणी मुरत होतं. हा माणूस काहीतरी मागणार. तिनं टेबलावरचा लाल दगड उचलून उगाच इकडचा तिकडे ठेवला. दगड कसला, समुद्रानं घासून गुळगुळीत केलेला विटेचा तुकडाच तो. लहानपणी आपल्या गावच्या, किनलॉच्या वाळूत सापडलेला आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिच्या कागदांवर वजन म्हणून बसलेला.

कागद तिच्या बापाच्या नावाचा होता. 'श्री. वॉल्टर गेडिस, कॅडी, किनलॉ, यांस.' ते नाव तिनं स्वतः टाइप केलं होतं, चोवीस वर्षांची असताना, नोकरीच्या चौथ्या महिन्यात. आणि ते टाइप करताना गंमत वाटली होती हे तिला आठवलं. बाप असाच एका मंगळवारी आला होता. सकाळची बस धरून, पूल ओलांडून, लग्नातला एकुलता एक सूट घालून. तिला आधी काही न सांगता रांगेत बसला होता, दोन म्हाताऱ्या बायकांच्या मध्ये, मांडीवर पुडकं धरून. नंबर आल्यावर टेबलासमोर बसून म्हणाला, "बाई, हे जरा बघता का?" तिला बाई म्हणाला. ती हसली, तो हसला नाही. जन्मभर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या वाहून त्याचा डावा खांदा उजव्याहून खाली आला होता, आणि सुटात तो जास्तच दिसत होता. पुडक्यात हे निशाण होतं. हे निशाण किनलॉत कुणाला माहीत नव्हतं? छप्पन्न सालच्या स्पर्धेत मिस्टर हॅल्डेन नावाचा इंग्रज जिंकला, त्याची पिशवी वॉटी गेडिसनं, म्हणजे तिच्या बापानं, वाहिली, आणि जिंकणाऱ्याच्या कॅडीनं शेवटच्या, अठराव्या होलच्या हिरवळीवरचं निशाण काठीवरून सोडून घरी न्यायचं ह्या रिवाजाप्रमाणे वॉटीनं ते नेलं. ही गोष्ट तो कॅडींच्या खोपटात, दारूच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर इतक्या वेळा सांगे की गावात कुणी थाप मारली की लोक म्हणत, हे म्हणजे वॉटीचं निशाण. शाळेत एफीनं काही सांगितलं तरी मागच्या बाकावरून तेच येई. म्हणत सगळेच, पण ती म्हण पहिल्यांदा काढली हेक इम्रीनं. तोही कॅडीच, बापाच्या खोपटातला.

"बाबा, आपल्याकडे जाणाऱ्या नऊ होलांची निशाणं पांढरी आणि परत येणाऱ्या नऊ होलांची लाल," तिनं त्या दिवशी सांगितलं होतं. आवाज उगाच हळू केला होता, डॉक्टर करतात तसा. "अठराव्याचं निशाण लाल असायला हवं. मी क्लबचं नियमांचं पुस्तक बघितलंय. हे पांढरं आहे. हे दुसऱ्या कुठल्यातरी होलचं असणार."

बाप तिच्याकडे बघत राहिला. एकदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "कागद देता का तसा?" तिनं दिला. लिलावघराच्या छापील नावाचा, व्यवस्थित, तिला नुकत्याच शिकवलेल्या भाषेत. 'मूळ: तोंडी सांगितलेलं, पुरावा नाही. मत: सदर स्पर्धेतील अंतिम निशाण नाही. किंमत: कापडाची.' त्यानं तो ओठ हलवत वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला. "टाइप छान केलंयस," म्हणाला. मटणाचं एक पॅटिस तेलकट कागदात गुंडाळून आणलं होतं, ते टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर घरात निशाण दिसलं नाही आणि ती गोष्टही ऐकू आली नाही. एफीनं विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं, आणि हे ती अजून कुणाला बोललेली नव्हती. लहानपणापासून जी थाप तिच्या मागे लागली होती तिचा निकाल लागला आणि तो तिनं स्वतः लावला, ह्याचं तिला फार समाधान झालं होतं. पॅटिस गरम होतं अजून. तिनं ते उभ्या उभ्या खाल्लं.

"मिस गेडिस," डूगल म्हणाला, "बघणार का नाही निशाण? का नुसतं पत्रच वाचणार?"

तिनं निशाण खिडकीशी नेलं. बाहेर समुद्राकडून आलेलं धुकं छपरांवर बसलं होतं, उजेड बेताचाच, पण कापड बघायला असाच उजेड बरा. निशाण बदललेलं असणार असं तिनं धरूनच ठेवलं होतं: पत्र खरं आणि निशाण नवं आणलेलं, ही जुनी युक्ती. तिनं कडा चाचपली. हाताची शिवण. दोरी ओवायच्या कडीचं पितळ हिरवं पडलेलं, आणि कडीखालच्या कापडावर तिचाच हिरवट ठसा, म्हणजे कडी मागाहून लावलेली नाही. हुंगलं: ओल आणि तंबाखू, चहा नाही. मग खालच्या कोपऱ्यात निळ्या लोकरीची रफू दिसली आणि तिचा अंगठा तिथंच थांबला. ती लोकर तिच्या शाळेच्या स्वेटरची होती. आई मोज्यांना, स्वेटरला, निशाणाला, सगळ्याला तेवढीच एक लोकर वापरायची. निशाण तेच होतं. मग ते हेक इम्रीच्या घरी कसं गेलं? बाप सत्त्याण्णव साली गेला तेव्हा घर आवरायला कोण कोण आलं होतं? हेकची बायको सूप घेऊन आली होती, दोनदा. दोनदा कशाला आली होती? का बाप पत्त्यांत हरला? का हेकनं ते काढून नेलं, कागदासकट, आणि कुठल्यातरी भिंतीला टाचून वर्षानुवर्षं हसत बसला? चारी भोकं गंजलेली होती. खोपटातल्या लाकडी भिंतीवर तिच्या बापाची अब्रू तिच्याच सहीनं टांगलेली तिला दिसली, आणि हेक इम्रीचा तिला इतका राग आला की निशाण तिच्या मुठीत चुरगळलं.

"माझं मत बदललेलं नाही," ती टेबलाशी येत म्हणाली. "किनलॉला येणारे नऊ लाल असतात."

"असतात की. आता." डूगलनं टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "भिंत होती तोवर अठरावं पांढरंच होतं."

"कुठली भिंत?"

"सातूच्या कोठाराची. व्हिस्कीवाल्यांचं होतं ना, अठराव्याच्या मागं, हे एवढं उंच. लाल विटांचं. त्या लाल भिंतीपुढं लाल निशाण लावलं तर खेळणाऱ्याला दिसणार काय, कप्पाळ? म्हणून येणाऱ्या नवांतलं शेवटचं तेवढं पांढरं ठेवायचे. एकोणसाठच्या हिवाळ्यात कोठार जळालं, मग कमिटीनं तेही लाल करून टाकलं. तुमचा-माझा जन्म त्यानंतरचा."

किती सोपं सांगत होता. फारच सोपं, आणि तिच्या अनुभवात सोप्या गोष्टी बहुधा घरी बसून रचलेल्या असत. नियमांचं जे पुस्तक तिनं बघितलं होतं ते बहात्तर सालचं होतं हेही तिला त्याच क्षणी आठवलं, पण ते तिनं मागे सारलं. अठराव्याच्या मागे गवताचा उंचवटा होता, तिला चांगला आठवत होता, त्यावरून ती घसरगुंडी खेळली होती. तिथं भिंत? "पुरावा आहे काही?" तिनं विचारलं. "फोटो, नकाशा, काहीही. तोंडी सांगितलेलं मी धरत नाही."

डूगल तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होता. "ही वीट किनलॉच्या वाळूतली ना?" तो म्हणाला. "आम्ही पण गोळा करायचो पोरं. जळक्या कोठाराचा सगळा राडारोडा उचलून समुद्रात लोटला होता त्यांनी. तुम्हाला काय वाटलं, विटा समुद्रात पिकत होत्या?"

एफीनं वीट उचलली. चौतीस वर्षं रोज उचलत होती तशीच. एका बाजूला काळं होतं. ते शेवाळ वाळून काळं झालं असेल असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. तिनं नखानं खरवडलं, मग खणातलं भिंग काढून बघितलं. काजळी होती, विटेच्या अंगात मुरलेली. आलेल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वस्तूला तिनं भिंग लावलं होतं, आणि ही तेवढी राहून गेली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. तिनं भिंग खाली ठेवलं. तिला एकदम लख्ख कळलं की बापाला भिंत माहीत होती. त्या दिवशी तोंड उघडून मिटलं तेव्हा भिंतच त्याच्या ओठांवर होती. मग बोलला का नाही?

काचेच्या दारातून आयला थॉर्बर्न आत डोकावली. लिलावघर आता तिचं होतं, आजोबांकडून आलेलं. पस्तिशीची, भराभर चालणारी, कायम फोन हातात. एफीचा चेहरा बघून तिनं पत्र उचललं, वाचलं, निशाणाकडे पाहिलं, आणि दोन मिनिटांत एफीनं तुटक तुटक जे सांगितलं ते तिला पुरेसं झालं. तिनं एफीला कपाटाच्या आडोशाला ओढलं.

"छप्पन्नच्या हॅल्डेनचं निशाण आहे? अहो, मग लावा की शुक्रवारच्या लिलावात. चांगली ओढाओढ होईल त्याच्यावर. फक्त हा कागद कशाला मधे आणायचा?"

"कागद त्याच्याबरोबरचा आहे."

"असू दे. हरवतात कागद." आयलानं आवाज आणखी खाली आणला. "एफी, लोक तुमच्या नावावर आपल्याकडे येतात. पेपरात काय छापून आलंय ते तुम्हीच वाचा. जायच्या तोंडावर कशाला स्वतःच्या हातानं शेण लावून घेताय? आणि कुणी विचारलंच, तर बापाचं निशाण मुलीनं खरं ठरवलं म्हणून वेगळाच बोभाटा. मी काही बोलले नाही हं. बघा तुम्ही." आणि फोन कानाला लावून गेली.

ती चुकीचं बोलली नव्हती. एफी कपाटाशी उभी राहिली. तिच्या हातात पत्र होतं आणि दोन हातांवर कागद फाडायचं यंत्र होतं. हे पत्र नाहीसं झालं तर चौतीस वर्षं अखंड राहत होती. आणि बाप? तो बावीस वर्षांपूर्वी थापाड्या म्हणून पुरला गेला होता, त्याला आता काय फरक पडणार होता? हे मनात आल्याचीच तिला किळस आली. तरी ती लगेच हलली नाही. टेबलाशी बसलेल्या डूगलची पाठ तिला दिसत होती आणि ह्याला नक्की काय हवंय हा जुना प्रश्न काही केल्या जाईना.

शेवटी तिनं तो सरळच विचारला. समोर बसून, पत्र मधोमध ठेवून. "हे तुमच्या वडिलांकडे आलं कसं? आणि हा कागद टाचला कुणी?"

"टाचला वॉटीकाकांनी," डूगल म्हणाला.

"खोटं."

"बरं, खोटं तर खोटं. ऐकून तरी घ्या. वडील महिन्यापूर्वी गेले, त्र्याण्णवचे होऊन. त्यांच्याच तोंडचं सांगतो." त्यानं टोपीचा काठ दाबला. "त्या दिवशी काका संध्याकाळच्या बसनं उतरले ते घरी न जाता खोपटात आले. सुटात. सगळे कॅडी तिथंच. माझे वडील म्हणाले, काय वॉटी, आणला का कागद? काकांनी खिशातून काढला, चार टाचण्या मागून घेतल्या आणि सूचनांच्या लाकडी पाटीवर लावला. म्हणाले, वाचा, माझ्या पोरीनं टाइप केलंय. लोकांनी वाचलं. आधी कुणाला समजेनाच. मग जे हसलेत."

एफीनं पत्राची घडी सरळ केली.

"माझे वडील नाही हसले. त्यांना ठाऊक होतं हो. छप्पन्न साली हरलेल्याची पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती. काकांनी निशाण काठीवरून सोडलं ते त्यांच्या समोर. एवढी वर्षं चिडवायचे ते मत्सरानं, हे त्यांनी मरताना कबूल केलं माझ्यापाशी. त्या संध्याकाळी ते काकांना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, गाढवा, भिंतीचं सांगायचं नाहीस का तिला? तर काका म्हणाले, सांगणार होतो. पण तिच्यामागं चार माणसं उभी होती, तिची साहेब लोकं. आता पोरगी जन्मभर लोकांना खरंखोटं सांगणार. तिच्या पहिल्याच कागदाला बापानं खोटं पाडलं, तर तिचं ऐकणार कोण? तिनं नाही म्हटलंय ना, मग नाही." डूगलनं घसा साफ केला. "निशाण तेव्हाच वडिलांकडे दिलं. घरात नको, एखाद दिवशी तिच्या लक्षात येईल, म्हणाले. ती नोकरी सोडेपर्यंत बोलायचं नाही अशी शपथ घातली. त्यानंतर वडिलांसमोर कुणी वॉटीचं निशाण म्हणालं की ते उठून जायचे. कागद राहिला पाटीवर, खोपटाला रंग दिला तोपर्यंत. मग तोही वडिलांनीच काढून ठेवला. मी पेपरात तुमचा फोटो बघितला आणि आलो."

"विकायचंय?" तिनं विचारलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"छे. माझं कुठंय ते? कागद पाहिजे मला. नवा."

एफी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. बूट तिनं केव्हाच बघून ठेवले होते. हे सगळं त्यानं रचलंही असेल. मेलेल्या बापाला चांगलं म्हणवून घ्यायला माणसं काय वाटेल ते रचतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? खोपटात टाचण्या कुणी मारल्या हे चार गंजकी भोकं सांगू शकत नव्हती. भिंतीला विटेचा पुरावा होता. ह्याला काही नव्हतं. साक्षीदार दोघेही मेलेले. असं काही कुणी तिच्यापुढे आणलं असतं तर तिनं एका ओळीत निकाल दिला असता. पण 'माझ्या पोरीनं टाइप केलंय' हे वाक्य डूगल इम्रीला रचता आलं नसतं. 'टाइप छान केलंयस' हे तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ती रडली, टेबलाशी बसून, मंगळवारच्या रांगेतली माणसं काचेतून बघत असताना. डूगल टोपीकडे बघत बसून राहिला.

मग तिनं लिलावघराच्या नावाचा कागद घेतला. कोपऱ्यातला जुना टाइपरायटर आता शोभेपुरता होता, पण फीत अजून चालत होती. 'श्री. वॉल्टर गेडिस, कॅडी, किनलॉ, यांस. मत: किनलॉ, १९५६, शेवटच्या हिरवळीवरील निशाण, अस्सल. यापूर्वीच्या पत्रातील मत चुकीचे होते. चूक सही करणारीची.' 'किंमत' ह्या शब्दापुढची जागा तिनं मोकळीच सोडली. शेवटी मूळ लिहायचं राहिलं होतं. तिनं टाइप केलं: 'तोंडी सांगितलेलं. मान्य.' सही केली. आणखी एक प्रत काढून आयलाच्या टेबलावर ठेवली, शुक्रवारी तिच्या निरोपाला येणाऱ्या पाहुण्यांसमोर वाचायला, आणि जुनं पत्र त्या प्रतीला जोडलं.

"खोपटं आहे अजून?" तिनं डूगलला विचारलं.

"आहे की. कॉफी विकतात आता तिथं. पाटी आहे, वेळापत्रकं लावतात."

"तुमची बस किती वाजता?"

"पावणेदोनला. का?"

एफीनं निशाण आणि नवा कागद पावाच्या पिशवीत घातला, कोट चढवला, आणि खण उघडून चार टाचण्या मोजून घेतल्या.